खालचा आवाज: गोव्याचं मोतेत आणि आपला कान

(निगडी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. जिथे ध्वनिमुद्रण ऐकवलं ती जागा कंसात दाखवली आहे.)



विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकाने विचारलं, "लॅटिन? निगडीत?" दुसऱ्याने विचारलं, "म्हणजे नाताळची गाणी का?" दोघंही आज पुढच्या रांगेत बसलेत. नाताळची गाणी नाहीत, एवढं आत्ताच सांगतो. लॅटिन निगडीत कशाला, हे सांगायला मात्र तासभर लागेल.

माझे वडील पिंपरीत एका कारखान्यात होते. कंपनीच्या कॉलनीत आमच्या शेजारी गोव्याचे एक काका राहायचे, साष्टीतले. टूलरूममध्ये फिटर. मायक्रोमीटर हातात धरल्यासारखी बारीक बोटं आणि बारीकच बोलणं. कोकणातला माणूस गणपतीला रजा टाकतो तशी हे काका दर वर्षी ईस्टरच्या आधी रजा टाकायचे आणि गावी जायचे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, गोव्यात त्याला कोरेजम म्हणतात. त्या दिवसांत गावच्या चर्चमध्ये गायला काका हवे असायचे. पण एका वर्षी गुडघा दुखावला म्हणून त्यांचं जाणं हुकलं. गुड फ्रायडेच्या दुपारी ते गॅलरीत बसून गात होते. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा, पेटीच्या क्लासला जाणारा, म्हणजे सगळं कळतं अशा वयातला. मी कान देऊन ऐकलं. काका षड्ज लावायचे, तो बराच वेळ धरायचे, मग मध्यम, मग पंचम, पुन्हा षड्ज. मध्ये नुसतीच लांब शांतता. मग परत षड्ज. मला वाटलं काका गाणं विसरलेत. मी विचारलं, "काका, चाल कुठाय?" ते म्हणाले, "चाल वयर आसा रे. हांव सकयलचो." चाल वर आहे. मी खालचा.

आजचं सगळं व्याख्यान त्या एका वाक्यावर आहे असं समजा.

हे जरा सावकाश सांगतो, कारण इथे बसलेल्या बहुतेकांचा कान माझ्यासारखाच भजनावर, नाट्यसंगीतावर आणि सवाई गंधर्वला रात्री जागवून तयार झालेला आहे. आपल्याकडे आरतीला पन्नास माणसं गातात, पण पन्नासही जण एकच चाल गातात. कोणी बेसूर, कोणी पुढे, कोणी मागे, पण चाल एकच. दिंडीत पाचशे गातात तरी चाल एकच. म्हणून अभंग एका माणसाबरोबर अख्खा प्रवास करतो. परभणीचा माणूस चाकणला कामाला आला, खोलीवर एकटाच बसून त्याने अभंग म्हटला, तर तो पूर्ण अभंग असतो. टाळ नसेल, मृदंग नसेल, पण गाणं सगळं तिथे आहे. काकांचं तसं नव्हतं. गोव्यात कोरेजमात जे मोतेत गातात ते बहुधा तीन आवाजांचं. वरचा एक चाल घेतो, दुसरा त्याच्या जोडीने थोडा खालून चालतो, आणि तिसरा अगदी तळाशी. जोडीला दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट, मोठा उभा बास. काका पिंपरीला आले तेव्हा त्यांच्याबरोबर या सगळ्याचा फक्त तळ आला. इमारत गावीच राहिली.

स्थलांतराबद्दल या पट्ट्यात आपण पुष्कळ बोलतो. कोण कुठून आला, कुठल्या बोलीत बोलतो, कोणता सण कसा करतो. पण काही कलाच अशा असतात की एकट्या माणसाबरोबर त्या येऊच शकत नाहीत. हे मला तरी त्या गॅलरीतल्या षड्जामुळेच उमगलं, आणि तेही फार उशिरा.

आता मोतेत म्हणजे काय. शब्द युरोपचा आहे. चर्चमधल्या उपासनेसाठी लॅटिन वचनावर रचलेली, अनेक आवाजांत गायची रचना, इतकं आज पुरे. आपण एकच वचन घेऊ आणि त्याच्या दोन रचना ऐकू. वचन आहे "ओ वोस ओम्नेस". बायबलमधल्या विलापगीतांतून आलेलं. मूळ संदर्भ उद्ध्वस्त जेरुसलेम नगरीचा, नगरीच एखाद्या बाईसारखी रस्त्याने जाणाऱ्यांना थांबवते आणि विचारते की माझ्या दुःखासारखं दुःख कुठे पाहिलंत का. चर्चने हे वचन ख्रिस्ताच्या यातनांना जोडलं.

पहिली रचना तोमास लुईस दे व्हिक्टोरियाची. स्पेनमधल्या आविलाचा माणूस, उमेदीची बरीच वर्षं रोममध्ये काढली. १५८५ साली त्याचा पवित्र सप्ताहाच्या संगीताचा मोठा संग्रह रोममध्ये छापला गेला, त्यातली ही.

(ध्वनिमुद्रण)

कळलं का काही? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. मी चाल शोधत होतो. आपला कान सवयीने वरचा आवाज पकडतो आणि बाकीच्यांना साथ समजतो. इथे तसं करू नका. आता पुन्हा लावतो, आणि या वेळी "दोलोर" हा शब्द येईल तिथे लक्ष द्या. दोलोर म्हणजे वेदना. एक आवाज स्वर धरून ठेवतो, सोडत नाही. त्याच वेळी दुसरा आवाज हलतो. जो स्वर क्षणापूर्वी गोड लागत होता तोच आता टोचायला लागतो, त्याची जागा बदललेली नसताना. मग तो हळूच एक पायरी उतरतो आणि बरं वाटतं.

(ध्वनिमुद्रण)

हे आपल्या संगीतात नाही असं नाही. तानपुऱ्यावर कोमल रिषभ लावला की तो टोचतोच. पण आपल्याकडे तानपुरा जागचा हलत नाही, गायक हलतो. इथे गायक उभा राहतो आणि जमीन सरकते. "माझ्यासारखं दुःख पाहिलंत का" या प्रश्नाला याहून नेमकं संगीत मला माहीत नाही. माणूस तिथेच आहे, भोवतीचं जग हललं आणि तो टोचू लागला. व्हिक्टोरिया कुठेही आक्रोश करत नाही. फार कमी हालचालीत हे सगळं करतो.

आता गोवा. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत हेच वचन एक मुलगी एकटीने गाते. ती व्हेरोनिका. ख्रिस्ताचा चेहरा जिने पुसला आणि कापडावर ज्याची प्रतिमा उमटली अशी जी कथा आहे, तीच. ती उंचावर उभी राहते, हातातलं गुंडाळलेलं कापड गाता गाता उलगडत नेते, चेहरा दिसतो, आणि गाणं संपता संपता कापड पुन्हा गुंडाळलं जातं. रस्त्यावर अंधार, मेणबत्त्या, माणसं गप्प. रस्त्याने जाणाऱ्यांना उद्देशून असलेलं वचन खरोखरच रस्त्यावर, जाणाऱ्यांसमोर गायलं जातं. व्हिक्टोरियाचं संगीत थोर आहे, पण आज ते सभागृहात तिकीट काढून बसलेल्यांना ऐकवलं जातं. तिथे कुणी वाटसरू नसतो.

आणि कोरेजमातल्या रविवारी मोतेतं. गावागणिक क्रम बदलतो, पण साधारण असं: प्रवचन होतं, पडदा सरकतो, यातनांमधला एखादा प्रसंग मूर्तींतून समोर येतो, आणि वरून, म्हणजे मुख्य दरवाजाच्या वर जी माडी असते, कोरो म्हणतात तिला, तिथून मोतेत सुरू होतं. गाणारे तुमच्या पाठीमागे आणि वर. तुम्ही मूर्तीकडे बघताय आणि आवाज पाठीवर पडतोय. जाड चुन्याच्या भिंती, उंच छत, आवाज लगेच विरत नाही. एक स्वर संपायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. ही इमारतही वाद्यच आहे.

(ध्वनिमुद्रण)

आता टीकाकार म्हणून खरं बोलायला हवं. भक्तिभावाने किंवा गोव्याच्या प्रेमाने आपण याला व्हिक्टोरियाच्या शेजारी बसवू नये. हे वेगळ्या जातीचं संगीत आहे. बहुतेक मोतेतं गावच्या संगीतशिक्षकांनी रचलेली, आणि कानावर संस्कार एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराचे. वरचे दोन आवाज तिसऱ्या नाहीतर सहाव्या स्वराच्या अंतराने जोडीने चालतात. वरचा पंचमावर असेल तर दुसरा त्याखालच्या गंधारावर, दोघं हातात हात घालून खाली येतात, वर जातात. गोड लागतं. मांडो ऐकला असेल तर ही गोडी तुमच्या ओळखीची आहे, तो त्याच घरातला. पण गोडी सतत राहिली की वेदना कुठे? काही मोतेतांत शब्द मृत्यूचे आणि सूर वरातीचे वाटतात. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चसंगीताबद्दल जो आदेश काढला त्यात नेमक्या याच नाटकी शैलीवर आक्षेप होता. ग्रेगरियन गायन आणि पालेस्त्रिनाच्या काळातली बहुस्वर रचना हा आदर्श माना, असं त्यांचं म्हणणं. त्या फुटपट्टीने गोव्याची कित्येक मोतेतं नापास होतील.

मला ती फुटपट्टी पूर्ण मान्य नाही. पण एक दोष मला स्वतःला खटकतो. या रचनांत खालच्या आवाजाला फार कमी दिलेलं आहे. व्हिक्टोरियात तळाचा आवाजसुद्धा चाल गातो, त्यालाही त्याची पाळी येते. गोव्याच्या मोतेतात तळाचा आवाज पुष्कळदा सा-म-प-सा करत पहारा देतो. काकांनी आयुष्यभर पहारा दिला. आणि तरीही, यालाच दुसरी बाजू आहे, तळाचा आवाज इतका सोपा होता म्हणूनच शेतात किंवा टूलरूममध्ये काम करणारा माणूस, रियाझाला वेळ नसलेला माणूस, त्यात उभा राहू शकत होता. दोष आणि दार एकच.

चांगली मोतेतं कोणती? जिथे गोडी मध्येच थांबते ती. जोडीने चालणारे दोन आवाज एखाद्या शब्दावर सुटतात, एक थांबतो, दुसरा एकटाच उतरतो, व्हायोलिन गप्प होतात. आत्ता ऐकवलेल्या तुकड्यात शेवटाकडे ते झालं. गावातल्या कुणा शिक्षकाने रचलेल्या चार ओळी, पण तिथे माझ्या अंगावर काटा येतो. दर वेळी.

हे शिक्षक कोण? गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या, सोळाव्या शतकापासून. १५४५ च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाकडून गावोगाव अशा शाळा काढण्याचं धोरण आलं. तिथे धर्मशिक्षण, अक्षरओळख, आणि सोल्फेज म्हणजे दो-रे-मी वाचून गायला शिकणं, शिवाय व्हायोलिन. शिकवणारा तो मेस्त्रे. आपला मिस्त्री शब्द त्याचाच भाऊ बरं का, पोर्तुगीजातून आलेला. इथे भोसरीत-चाकणात दिवसाला शंभर वेळा आपण तो उच्चारतो आणि गवंडी किंवा सुतार डोळ्यासमोर आणतो. गोव्यातला मेस्त्रे मुलांच्या कानाचं बांधकाम करायचा.

किती पक्कं बांधकाम? १६६३ मध्ये ज्युसेप्पे दि सांता मारिया नावाचा इटालियन कार्मेलाइट पाद्री गोव्यात होता. बॉम जेझूमध्ये त्याने सात गायकवृंदांचं संगीत ऐकलं, आणि आपण रोममध्येच आहोत की काय असं वाटलं, अशी नोंद करून ठेवली. रचना कारिस्सिमीची असल्याचं त्याला सांगण्यात आलं. कारिस्सिमी तेव्हा रोममध्ये हयात होता. म्हणजे रोममधलं ताजं संगीत मांडवीच्या काठी गायलं जात होतं. शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानाला लाल महालात गाठलं त्याच वर्षीची ही गोष्ट. आपण एकाच किनारपट्टीचा इतिहास दोन वेगळ्या वह्यांत लिहितो.

पण या सुंदर संगीताच्या मुळाशी एक सक्ती आहे, ती झाकून मोतेत ऐकणं मला प्रामाणिक वाटत नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं: लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. घरात कोंकणी जगली, पण माडीवर लॅटिन आणि कचेरीत पोर्तुगीज. शिवाय चर्चच्या आत उतरंड होतीच. कित्येक गावांत कोणत्या बंधुमंडळात कोण, मिरवणुकीत कोणता झगा कुणाच्या अंगावर, हे जातीवर ठरायचं. तीन आवाज एकत्र सुरात लागले म्हणून गाणारे एकत्र जेवत होते असं नाही.

आणि दुसरी वाट होती, हे इथे, देहू आणि आळंदीच्या मध्ये उभं राहून सांगायलाच हवं. थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, सुमारे अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला छापलं. शाळेत आपण त्याचं नाव वाचतो ते मराठीच्या स्तुतीसाठी. पण तो संगीताचाही निर्णय होता. ओवी वाचायची नसते, म्हणायची असते. त्या ओव्या चर्चमध्ये आणि घरांत म्हटल्या गेल्या. गंमत बघा, स्टीफन्सचा जन्म १५४९ चा, व्हिक्टोरियाचा त्याच्या वर्षभर आधीचा. १५७५ च्या सुमारास दोघंही रोममध्ये होते. एक तिथे लॅटिन वचनांना चार आवाज देत होता, दुसरा चार वर्षांनी जहाजातून इथे उतरला आणि ज्ञानेश्वरांच्या छंदात बसला.

देवाशी कुठल्या भाषेत बोलायचं हा प्रश्न प्रवरेच्या काठी १२९० मध्येच निकालात निघाला होता. रोमला त्याला १९६३ साल उजाडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला दार उघडलं. पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल मुंबईत युकेरिस्टिक काँग्रेसला आले. तिथे जॉर्ज प्रॉक्श हे फादर, ज्यांनी अंधेरीला ज्ञान आश्रम काढला, भारतीय सुरांत ख्रिस्ती भजनं आणि नृत्यं घेऊन उभे राहिले. गोव्यात कोंकणी स्तोत्रांचं मोठं काम झालं, वास्को दो रेगो या जेझुइटांनी त्यात आयुष्य घातलं. वसईत मराठी मिस्सा रुजली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. मी लॅटिनसाठी रडायला आलेलो नाही. न कळणाऱ्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून उभं राहणं यात काही थोरपणा नाही, हे वारकऱ्यांच्या मुलखात मी सांगायला नको.

पण मग एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते मोतेताच्या गोष्टीतला खरा प्रश्न तोच आहे. संस्कृतातून मराठीत येताना आपलं गाणं गरीब झालं नाही. उलट श्रीमंत झालं. चर्चचं गाणं लॅटिनमधून बाहेर येताना अनेक ठिकाणी गरीब का झालं?

त्या दस्तऐवजावर खापर फोडतात, ते चूक आहे. त्यात ग्रेगरियन गायनाला अग्रस्थान द्या असं स्पष्ट म्हटलंय, गायकवृंद जपा असंही म्हटलंय. लोकांनी अर्धाच वाचला. पण खरं कारण माडीवर शोधून सापडणार नाही, ते मेस्त्रेच्या शाळेत आहे. अभंगाची शाळा म्हणजे दिंडी. पोरगं बापाच्या मागे टाळ घेऊन चालतं आणि शिकतं, कागद लागत नाही, वेगळा मास्तर लागत नाही. तीन आवाजांच्या गाण्याला कागद लागतो, वाचता येणारी मुलं लागतात, आणि रोज संध्याकाळी छडी घेऊन बसणारा एक माणूस लागतो. विसाव्या शतकात त्या शाळा ओसरल्या. मेस्त्रेचे शिकलेले विद्यार्थी पोटासाठी मुंबईला गेले, जहाजांवर गेले, संस्थानिकांच्या बँडमध्ये गेले. लॅटिन गेली तोवर शिकवणारा आधीच गेलेला होता. भाषा बदलली तेव्हा नव्या भाषेत तीन आवाज लिहिणारा आणि गाणारा पुरेसा उरलाच नव्हता.

ते विद्यार्थी कुठे गेले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. माजोर्डाच्या चर्चमधल्या संगीतशिक्षकाचा मुलगा, अँथनी गोन्साल्विस. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक आणि संयोजक, प्यारेलाल यांचा गुरू. १९७७ मध्ये प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात त्यांचं नावच अजरामर केलं, आणि आपण ते नाव अमिताभच्या अंड्यातून बाहेर येण्याशी जोडून मोकळे झालो. (हशा) पन्नास-साठच्या दशकांतल्या गाण्यांत लताबाईंच्या मागे व्हायोलिनचा जो थर उलगडतो, वरचा, मधला, तळाचा, तो लिहिणारे आणि वाजवणारे हात बऱ्याच अंशी गोव्याचे होते. कोरेजमातलं तीन आवाजांचं गणित आपण विविध भारतीवर चहा पिताना ऐकत होतो.

आणि खुद्द लॅटिन रचना? त्या मुंबईत मैफिलीत जगल्या. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये परंज्योती अकॅडमी कोरस सुरू केला, त्यांच्यानंतर कुमी वाडियांनी तो अनेक दशकं चालवला. पारशी बाई, मुंबईचे सर्वधर्मीय गायक आणि लॅटिन मोतेत. मला हे फार आवडतं. पण ती मैफल आहे. तिथे टाळ्या पडतात. व्हेरोनिकाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

आता पिंपरीला येऊ. आपल्याकडच्या चर्चमध्ये रविवारी गेलात तर कारखान्यातल्या पाळ्यांसारख्या मिस्सा असतात. एक इंग्रजी, एक मराठी, मग तमिळ, कुठे कोंकणी. मल्याळी मंडळींपैकी अनेकांची तर परंपराच वेगळी, त्यांची जुनी भाषा लॅटिन नव्हतीच, सुरियानी होती. म्हणजे "लॅटिन असती तर सगळे एकत्र आले असते" असं म्हणणाऱ्यांचं स्वप्न इथे तरी अर्धंच खरं. प्रत्येकाला आपल्या भाषेत प्रार्थना मिळते हे चांगलंच. पण मी तीन-चार वेगवेगळ्या मिस्सांना बसलो, आणि भाषा चार असल्या तरी खाली ठेका एकच होता: कीबोर्डमध्ये आधीच भरलेला. बटण दाबलं की ढुम-चक सुरू. पवित्र शुक्रवारी तो बंद होता, आणि मला वाटलं चला, आता मुलं गातील. मुलं गप्प बसली. ठेक्याशिवाय उभं राहायची सवयच नव्हती. त्यांचा दोष नाही. त्यांना एकमेकांचा आवाज ऐकत गाणं कुणी शिकवलेलंच नाही. आवाज चांगले होते हो. त्यातल्या एका मुलाचा तळाचा आवाज तर काकांसारखा.

ज्यांना श्रद्धेशी देणंघेणं नाही त्यांनी म्हणावं, आम्हाला काय त्याचं? मीही त्या चर्चचा सदस्य नाही. माझं दुखणं श्रोत्याचं आहे. मराठी माणूस जगात कुठलंही संगीत ऐकायला तयार असतो पण एका वेळी दोन चाली ऐकायला नाही. आपण समूहगान म्हणतो तेव्हा एकसुरात गाणं म्हणतो, आणि त्याला एकी समजतो. शेजारचा वेगळं गातोय, त्याला ऐकत ऐकत मी माझं सोडत नाही, आणि तरी ते एकच गाणं आहे, ही गोष्ट कानाने अनुभवायची सोय दोन-तीन तासांवरच्या साष्टीत नाही, पण एका रात्रीच्या बसवर आहे. कोरेजमात जा. फुकट आहे. फक्त बसताना मूर्तीकडे तोंड आणि माडीकडे पाठ ठेवा.

थांबतो. काही प्रश्न असतील तर.

(श्रोता: संस्कृत मंत्रही आम्हाला कळत नाहीत, तरी भारावतो. मग लॅटिन न कळण्यात काय वाईट?)

भारावण्यात वाईट काही नाही. पण काका लॅटिन शिकलेले नव्हते, तरी त्यांना "ओ वोस ओम्नेस"चा अर्थ शब्द न् शब्द माहीत होता. मेस्त्रेने सांगितला होता. अर्थ न सांगता गाऊन घेणारा मेस्त्रे वाईट, मंत्राचंही तेच.

(श्रोता: काका असं एकटेच गायचे तर त्यांना काय मिळायचं?)

मी हे विचारलं होतं, नंतर कधीतरी. ते म्हणाले, मी एकटा कुठे गातो, मला वरचे दोघं ऐकू येतात. त्या लांब शांतता होत्या ना, ज्या मला विसरल्यासारख्या वाटल्या, तिथे वरचे गात असायचे. ते बरोबर मात्रा मोजून थांबायचे.

(श्रोता: त्यांच्याकडे काही लिहिलेलं होतं का?)

होतं. काका गेले त्यानंतर त्यांच्या मुलीने मला एक वही दाखवली. आडवी, लांबट, शिवण सुटलेली, कडांना वाळवी. एकवीस मोतेतं. सगळ्यांचा फक्त तळाचा आवाज. पूर्वी पद्धतच ती, प्रत्येकाने आपापला भाग उतरवून घ्यायचा. मी फोटो काढलेत, कुणाला बघायचे असतील तर मोबाइलमध्ये आहेत. वरच्या दोन वह्या गावात कुणाकडे तरी असायला हव्यात. एका घराचा पत्ता लागलाय, म्हातारी बाई आहेत, फोनवर म्हणाल्या की माळ्यावर पेटी आहे पण उतरवायला घरात कोणी नाही. फेब्रुवारीत जातोय.